'त्याला काही सांगू नका, घाबरेल!'

मैत्रिणींनो, घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं, जरा आठवून बघा. 'त्याला काही सांगू नका हं, उगाच घाबरेल.' सासूबाई म्हणतात, जाऊबाई म्हणतात, शेजारची काकू म्हणते. मीही म्हटलंय. मायेनंच म्हणतो आपण. पण या मायेच्या वाक्यानं आमच्या घरात एकदा काय करून ठेवलं, ते आज मोकळेपणानं सांगायचं ठरवलंय.

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा एसटीचा रस्ता मला तोंडपाठ आहे. बचत गट आणि महिला मंडळाच्या कामामुळे दोन्ही गावांत दवाखान्याच्या पायऱ्या चढणं नेहमीचंच. 'ताई, तुम्ही चार बुकं शिकल्यात, तुम्ही सोबत चला' असं म्हणत बायका घेऊन जातात. मी बी.ए. झालेली, मराठी विषय घेऊन. वैद्यकातलं मला काय कळणार? पण बाकावर बसून बसून आणि डॉक्टरांना विचारून विचारून थोडंफार कळायला लागलं.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांचं नाकाचं ऑपरेशन झालं. वय सव्वीस. नाकाचं हाड वाकडं, बारा महिने सर्दी, रात्रभर तोंडानं श्वास. आदल्या संध्याकाळी मी कणीक मळत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

'वहिनी, भूल दिल्यावर कसं असतं हो?'

मी मान वर न करताच म्हटलं, 'काही नसतं भाऊजी. डोळा मिटायचा अन् उघडायचा. झालं!'

ते जरा वेळ तिथंच घुटमळले आणि निघून गेले. त्यांना अजून काहीतरी विचारायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मला वाटलं, बोलत बसलं तर पोराच्या मनात भीती भरेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नर्सबाईंनी कागद पुढे केले. आमच्या यांनी सह्या केल्या. आमच्यापैकी एकानंही ते वाचले नाहीत. ऑपरेशन व्यवस्थित झालं. अर्धवट गुंगीतच भाऊजींना खोलीत आणून ठेवलं. आम्ही देवाला हात जोडले, सासूबाईंनी पेढ्याचा पुडा काढला आणि तेवढ्यात भाऊजी ताडकन उठून बसले.

डोळे उघडे, पण ओळख नाही. दोन्ही हात नाकाकडे. नाकात भरलेली पट्टी ओढायला लागले, सलाईनची सुई उपटून टाकली. 'सोडा मला, मारायलेत मला' असं ओरडत सुटले. आईला कधी उलट शब्द न बोलणारा मुलगा, त्याच्या तोंडून नको नको त्या शिव्या. वॉर्डबॉयला लाथ बसली. मग घरातल्या चार गड्यांनी त्यांना गादीवर दाबून धरलं. जितकं दाबलं तितके ते जास्त उसळले. सासूबाई रडायला लागल्या, 'बाहेरचं लागलं गं माय लेकराला' म्हणाल्या आणि पिशवीतून लिंबू काढलं. दारात बघ्यांची गर्दी जमली. नाकातून पुन्हा रक्त आलं, डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, पट्टी पुन्हा भरावी लागली.

हा सगळा प्रकार पंधरा-वीस मिनिटांचा. संध्याकाळी भाऊजी जागे झाले ते एकदम शांत. 'वहिनी, घोटभर पाणी द्या' म्हणाले. झाल्या प्रकारातलं त्यांना फारसं काही आठवत नव्हतं. एवढंच म्हणाले, 'श्वास बंद झाला होता. कुणीतरी नाक दाबून मारायलंय असं वाटलं.'

दवाखान्यातून घरी आलो, पण गोष्ट तिथं संपली नाही. नातलगांनी त्यांचं नाव 'पैलवान' ठेवलं. लग्नकार्यात त्यांच्या शिव्यांची नक्कल व्हायची. सासूबाईंनी एका बाबाकडून अंगारा आणला. आणि एवढा धडधाकट माणूस पुढे साधा दात काढायलासुद्धा दवाखान्याची पायरी चढेना.

पुढे मी एका भूलतज्ज्ञ बाईंना याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, 'अहो, हे आम्ही नेहमी बघतो. याला इमर्जन्स ॲजिटेशन म्हणतात. भुलीतून बाहेर येतानाची बेचैनी.' हे ऐकून मला हायसं वाटलं आणि रागही आला. तुम्ही नेहमी बघता, मग आम्हाला आधी कुणी का नाही सांगितलं?

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. भूल उतरते तेव्हा सगळा मेंदू एकदम जागा होत नाही. हातपाय जागे होतात, घसा जागा होतो, पण 'मी कुठे आहे, माझं काय झालंय' हे समजणारा भाग मागे राहतो. या अर्धवट अवस्थेत शरीराला काही त्रास झाला की माणूस जिवाच्या आकांतानं हातपाय झाडतो. नाकाच्या ऑपरेशनमध्ये हा त्रास नेमका श्वासाच्या जागी असतो. रक्त थांबावं म्हणून बऱ्याचदा दोन्ही नाकपुड्यांत पट्टी भरलेली असते, घशात रक्ताची चव असते, घशातून काढलेल्या नळीची खवखव असते. जन्मभर नाकानं श्वास घेतलेल्या माणसाला अर्धवट झोपेत नाक बंद लागलं, तर त्याला बुडाल्यासारखं वाटणार नाही का?

म्हणूनच नाक-कान-घशाच्या ऑपरेशननंतर हा प्रकार जास्त दिसतो. काही अभ्यासांत नाकाच्या ऑपरेशनच्या साधारण पाचातल्या एका मोठ्या माणसाला तो झाल्याचं आढळलं आहे. तरुण वय, धूम्रपानाची सवय, जाग येताना दुखणं, लघवीची नळी किंवा भरलेली लघवीची पिशवी, भुलीच्या काही प्रकारच्या वायूंचा वापर, यांनी शक्यता वाढते. लहान मुलांत तर हे आणखी जास्त होतं. यात ना भूत आहे, ना करणी, ना त्या माणसाचा स्वभाव. शिव्या देणारे ते आमचे भाऊजी नव्हतेच. तो त्यांचा अर्धा जागा झालेला मेंदू होता.

मग हे टाळता येतं का? पूर्णपणे नाही, पण बऱ्याच अंशी येतं. डॉक्टरांच्या हातात पुष्कळ गोष्टी असतात. दुखणं सुरू होण्याआधीच वेदनेचं औषध देणं, नाकाचा भाग बधिर करणं, वायूऐवजी शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलसारख्या औषधानं भूल चालू ठेवणं, शेवटी डेक्समेडिटोमिडीनसारखं शांत करणारं औषध अगदी थोड्या प्रमाणात देणं. या औषधानं नाडी मंद होऊ शकते, गुंगी लांबू शकते, म्हणून कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे त्यांनीच ठरवायचं. काही सर्जन पट्टीऐवजी मधून हवा जाईल अशी नळी ठेवतात, तर काही जण टाके घालून पट्टी टाळतात. आपण औषधांची नावं पाठ करून डॉक्टरांशी वाद घालावा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण 'डॉक्टरसाहेब, जागा होताना हा बेचैन होऊ नये म्हणून तुम्ही काय करणार आहात?' एवढं विचारायला काय हरकत आहे? साडी घेताना आपण रंग जाईल का म्हणून चारदा विचारतो!

पण एक इलाज असा आहे, ज्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. तो म्हणजे आधी सांगणं.

भाऊजींच्या ऑपरेशननंतर वर्षभरानं माझ्या भाचीचं नांदेडला नाकातलं वाढलेलं मांस काढलं. तिथल्या भूलतज्ज्ञ बाई आदल्या दिवशी तिच्याजवळ दहा मिनिटं बसल्या. म्हणाल्या, 'उद्या जाग येईल तेव्हा नाक पूर्ण बंद असेल. कुणी बंद केलेलं नसेल, आत पट्टी असेल. तोंडानं श्वास घ्यायचा. आता करून बघू.' आणि चिमटीत नाक धरून तिला तोंडानं श्वास घ्यायला लावला. पोरगी रात्रभर मधूनमधून नाक धरून सराव करत होती, आम्ही हसत होतो. दुसऱ्या दिवशी जागी झाली तेव्हा हात नाकाकडे गेला, पण ती नर्सचा आवाज ऐकून थांबली आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागली.

दोन माणसांवरून नियम होत नाही, हे मलाही कळतं. भाची वेगळी, भाऊजी वेगळे. भाऊजींना सिगारेटची आणि पुडीची सवय होती. २०१२ पासून आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ही सवय आम्ही डॉक्टरांपासून लपवली होती, 'काय म्हणतील' म्हणून. तेव्हा दोष एकट्या दवाखान्याचा नव्हता. दवाखान्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. मधल्या मधे भाऊजी सापडले.

मैत्रिणींनो, भुलीच्या शास्त्रात आपल्या भागाचाही एक धागा आहे, हे मला उशिरा कळलं. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मची भूल किती सुरक्षित आहे हे तपासायला दोन आयोग बसले. खर्च निजाम सरकारनं केला, पुढाकार डॉ. एडवर्ड लॉरी यांचा होता. भूल देताना रुग्णाच्या श्वासाकडे लक्ष ठेवा, असा त्यांचा आग्रह. क्लोरोफॉर्मनं थेट हृदयालाही धोका होतो हे पुढे सिद्ध झालं, त्यामुळे त्यांचं सगळंच म्हणणं टिकलं नाही. पण या कामात त्यांच्यासोबत डॉ. रूपाबाई फर्दुनजी नावाची एक तरुण पारशी बाई होती. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. मुलीनं शाळेत जाणंही नवलाचं होतं, त्या काळात ही बाई रुग्णाच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजत होती. आणि आज आपण शिकलेल्या बाया 'भूल कोण देणार आहे' हेही विचारत नाही. सर्जनचं नाव आपल्याला माहीत असतं, भूल देणाऱ्याचं नसतं. खरं तर त्या दोन तासांत आपल्या माणसाचा श्वास त्यांच्याच हाती असतो.

२०२१ चा उन्हाळा तुम्हीही विसरला नसाल. करोनातून उठलेल्या माणसांना, त्यातही साखरेच्या रुग्णांना, काळी बुरशी झाली आणि नाकातून, सायनसमधून ती काढायला ऑपरेशनं करावी लागली. काहींची दोन-दोन, तीन-तीनदा. आमच्या मंडळाच्या बायका तेव्हा नातेवाइकांना डबे पोचवत होत्या. बाहेरच्या कट्ट्यावर एक म्हातारी बाई मला म्हणाली, 'मालक शुद्धीवर आले की मलाच मारायला उठायलेत. डोक्यात गेली का ओ बुरशी?' तिला कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं. मी तिला घेऊन वॉर्डातल्या नर्सकडे गेले, त्यांनी तपासून धीर दिला. पण आधीच्या दोन रात्री त्या माउलीनं कशा काढल्या असतील?

इथे एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. जाग येताना काही मिनिटांची बेचैनी ही एक गोष्ट. पण वयस्कर माणूस ऑपरेशननंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी भ्रमिष्टासारखं बोलायला लागला, तर ती वेगळी गोष्ट असते. तिच्यामागे जंतुसंसर्ग, साखर, औषधं असं काहीही असू शकतं. 'वयोमानानं होतंय' म्हणून गप्प बसू नका, लगेच सांगा. आणि जाग येतानाच्या बेचैनीतही आधी नर्सला हाक मारा, कारण कधी कधी प्राणवायू कमी पडल्यानंही माणूस झटापट करतो. ते ओळखणं आपलं काम नाही.

डॉक्टरांची बाजूही मी बघते. नांदेडच्या विष्णुपुरीला किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात एखाद्या सकाळी जाऊन बघा, केसपेपरची रांग कुठून कुठवर लागते ते. शेजारच्या जिल्ह्यांतून, तेलंगणाच्या सीमेवरून माणसं येतात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. आता ती महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. ज्यांनी कधी ऑपरेशनचं नाव काढलं नसतं असे लोक त्यामुळे टेबलापर्यंत पोचतात, ही केवढी चांगली गोष्ट. पण टेबलापर्यंत पोचवणं आणि माणसाला तयार करून पोचवणं यात फरक आहे. डॉक्टरांना वेळ नसेल तर नर्सनं सांगावं, योजनेचे आरोग्यमित्र असतात त्यांनी सांगावं, मराठीत दहा ओळींचा फलक लावावा. भिंतीवर 'शांतता राखा' लिहायला जागा असते, तर 'जाग येताना नाक बंद असेल, घाबरू नका' लिहायला का नसावी?

आणि आपणही काही गोष्टी नक्की करू शकतो. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना भेटायचं आहे, असं आग्रहानं सांगा. तंबाखू, सिगारेट, दारू, झोपेच्या गोळ्या, आधी भुलीत झालेला त्रास, यातलं काहीही लपवू नका. नवऱ्यासमोर किंवा सासऱ्यांसमोर सांगायची चोरी असेल तर पेशंटला डॉक्टरांशी एकट्यानं बोलू द्या. नाकात पट्टी येणार असेल तर आदल्या दिवशी तोंडानं श्वास घ्यायचा सराव करून घ्या. आत नेण्याआधी लघवीला जाऊन यायला सांगा. उपाशी राहायची वेळ सांगितली असेल ती काटेकोर पाळा. 'लेकरू भुकेलंय' म्हणून पदराआडून बिस्कीट देणाऱ्या आज्या मी पाहिल्यात, त्यानं जिवावर बेतू शकतं.

माणूस जागा होत असताना खोलीत गर्दी नको. ओळखीचा एकच आवाज, हळू आणि तेच तेच सांगणारा: 'ऑपरेशन झालं. मी जवळ आहे. तोंडानं श्वास घे.' चष्मा किंवा ऐकायचं यंत्र असेल तर नर्सला विचारून लवकर द्या. तो उसळला तर चौघांनी छातीवर बसू नका. तो पलंगावरून पडणार नाही, नाकाला आणि सुईला हात घालणार नाही, एवढंच बघा आणि नर्सला बोलवा. आणि दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल करू नका. जे त्यानं शुद्धीत केलं नाही, त्याची लाज त्याच्या गळ्यात बांधू नका.

शेवटी भाऊजींचीच गोष्ट सांगते. गेल्या वर्षी त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचं नाकामागच्या गाठीचं, म्हणजे ॲडेनॉइडचं ऑपरेशन ठरलं. सासूबाई सवयीनं म्हणाल्या, 'पोरीला काही सांगू नका रे.' भाऊजी म्हणाले, 'आई, मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला मी सांगणार.' रात्री लेकीला मांडीवर घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. गोड वासाची हवा येईल, झोप येईल, उठशील तेव्हा घसा दुखेल, तोंडाला रक्ताची चव येईल, रडू येईल, रडलीस तरी चालेल, आम्ही तिथंच असू. बायकोलाही सांगितलं, की ती कदाचित आपल्याला ओळखणार नाही, थोडा वेळ लागेल.

एवढं सगळं करूनही पोरगी जागी झाली ती रडत, लाथा झाडतच. चांगली वीस मिनिटं. पण या वेळी कुणी ओरडलं नाही, कुणी तिला दाबलं नाही. नर्सनं तपासून 'सगळं ठीक आहे' सांगितलं. जाऊबाई तिच्या पाठीवर हात ठेवून तेच तेच बोलत राहिल्या. सासूबाई कोपऱ्यात बसून होत्या. लिंबू त्यांच्या पिशवीत असेलही, पण ते बाहेर आलं नाही.

मग ती आईच्या कुशीत झोपली. भाऊजी बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले आणि म्हणाले, 'वहिनी, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय?'

मला चांगलंच आठवत होतं. म्हणून तर हे लिहितेय. उद्या तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात कुणी असं घुटमळत उभं राहिलं, तर कणीक तशीच झाकून ठेवा, हात धुवा आणि त्याच्याजवळ बसा.